चुन्याची पुडी, डोळ्यातला बांध आणि दोन मिलिमीटरचं बेणं

बालाघाटची

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. आजोबांच्या कोनाड्यातली तंबाखूच्या चुन्याची पुडी त्याने उचलली, उघडेना म्हणून दोन्ही हातांनी दाबली, आणि ती फुटून चुना सरळ उजव्या डोळ्यात उडाला. वहिनीने पदराने पुसलं. शेजारणीने तूप घालायला सांगितलं, तेही घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला दीड तास लागला. तिथे थेंब टाकून, पट्टी बांधून घरी पाठवलं. पापणी उलटून कुणी पाहिली नाही. चार दिवसांनी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वरच्या पापणीच्या घडीत चुन्याचे कण तसेच चिकटलेले होते.

तीन महिन्यांत त्या डोळ्यात फूल पडलं. काळ्या भागावर पांढरट, लालसर पडदा चढला आणि त्यात शिरा दिसायला लागल्या. नातेवाइकांपैकी प्रत्येकाचं एकच म्हणणं, "नेत्रदानातलं बुबुळ बसवून घ्या, होईल नीट." आम्हीही तेच धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, आत्ता बसवलं तर ते काही महिन्यांत असंच गढूळ होईल. तेव्हा ते मला पटलं नव्हतं. पुढची दोन वर्षं विचारत आणि वाचत गेले, तेव्हा कळलं. ज्यांच्या घरी हे घडलंय किंवा घडू शकतं, त्यांच्यासाठी हा धागा.

डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो तो कॉर्निया, नेत्रदानातलं बुबुळ म्हणतात ते हेच. त्याची सगळ्यात वरची कातडी रोज झिजते आणि रोज नवी येते. आठवडा-दहा दिवसांत ती जवळपास पूर्ण बदलते. या नव्या पेशी येतात त्या काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या गोल कडेतून. या कडेला लिंबस म्हणतात आणि मूळ पेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी होत राहतात त्यांचा, साठा तिथेच असतो. मी शेतकऱ्याची मुलगी, मला हे बांधासारखं समजलं. बांध धड असतो तोवर पलीकडची हरळी शेतात येत नाही. लिंबस जळला की पांढऱ्या भागावरची रक्तवाहिन्यांची कातडी आत सरकते आणि कॉर्नियावर पसरते. अशा डोळ्यात दुसऱ्याचा कॉर्निया बसवला तरी त्यावर रोज लागणारी कातडी पुरवणार कोण? मेलेल्या माणसाच्या बुबुळाचा मधला भाग बसवतात, त्याच्या कडेचा जिवंत साठा त्याच्याबरोबर येत नाही. म्हणून आधी बांध नव्याने घालायचा आणि बुबुळाचं नंतर पाहायचं.

हे कळायला जगाला बराच काळ लागला. सुरुवात डोळ्यापासून झालीच नव्हती, भाजलेल्या कातडीपासून झाली. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच कातडीच्या छोट्या तुकड्यांतून वाढवलेली कातडी लावली आणि ती मुलं वाचली. पुढे हीच रीत डोळ्याकडे आली. १९९७ मध्ये इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी, मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातून लिंबसचा कण घेतला, पेशी वाढवल्या आणि जळालेल्या डोळ्यावर बसवल्या. २०१० मध्ये ११२ रुग्णांचे निकाल आले. त्यांतल्या ७६.६ टक्क्यांचा कॉर्निया कायमचा स्वच्छ झाला होता. २०१५ मध्ये युरोपने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. नाव होलोक्लार, मूळ पेशी असलेलं युरोपातलं पहिलं औषध.

पण किंमत बघा. इंग्लंडच्या सरकारी मूल्यमापनात २०१७ साली एका डोळ्यासाठी ८०,००० पौंड अशी छापील किंमत होती. पेशी वाढवायला निर्जंतुक प्रयोगशाळा हवी, तिथे आठवडेच्या आठवडे राबणारी माणसं हवीत आणि पेशींना पोसायला उंदराच्या पेशींचा थर हवा. आमच्यासारख्यांनी नुसतं वाचायचं.

मग हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या लोकांनी एक साधा प्रश्न विचारला. ते स्वतः प्रयोगशाळेत पेशी वाढवून लावत होते आणि त्यांनी २०० रुग्णांचे निकालही छापले होते, म्हणजे येत नव्हतं म्हणून विचारलं असं नाही. पेशी वाढवायला उबदार, ओलसर, पोषण मिळेल अशी जागा लागते, तर मग तो डोळाच का नाही? वीरेंद्र सांगवान, सायन बसू, डी. बालसुब्रमणियन आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या शीला मॅकनील यांनी २०१२ मध्ये ही पद्धत मांडली. सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन, थोडक्यात स्लेट.

आमच्या बाळाची शस्त्रक्रिया याच पद्धतीने झाली. डोळ्याचा दाह पूर्ण शांत होईपर्यंत नऊ महिने थांबवलं होतं. चांगल्या डोळ्याच्या कडेतून दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घेतला, म्हणजे साबुदाण्याच्या कच्च्या दाण्याएवढा. जळालेल्या डोळ्यावरचा पडदा खरवडून काढला. त्यावर बाळंतिणीच्या वारेचा आतला पातळ पडदा पसरून जैविक गोंदाने चिकटवला. त्या तुकड्याचे दहा बारीक तुकडे केले, मध्य सोडून गोलाकार मांडले आणि पुन्हा गोंद लावला. वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स. सगळं एकाच बैठकीत झालं.

आठवड्याने लेन्स काढली. एक रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहतात, जिथे कातडी नसते तिथे हिरवं चमकतं. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. प्रत्येक तुकड्याभोवती हिरवं नसलेलं एक छोटं वर्तुळ तयार झालं होतं. पुढच्या खेपेला ती वर्तुळं एकमेकांना मिळालेली होती.

---

कृष्णाकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांच्या कोपरीच्या खिशात जन्मभर ती पुडी असायची आणि आम्ही पोरं त्याच खिशात गोळ्या शोधायचो.

हे तुकडे मांडणं आमच्या उसासारखंच आहे. आधी तीन डोळ्यांची टिपरी लावायचो, बेणं भरपूर लागायचं. आता एक डोळा पद्धत आली, कमी बेण्यात तेवढंच रान भरतं. अंतर नीट राखलं की फुटवे एकमेकांना भेटतात. गंमत म्हणजे उसाच्या त्या कोंबालाही आपण डोळाच म्हणतो.

दोन प्रश्न. चांगल्या डोळ्याला धोका नाही का? आणि मध्य रिकामा का सोडतात?

---

बालाघाटची

@कृष्णाकाठ दादा, पहिल्या प्रश्नावर माझा भाऊ चार रात्री झोपला नव्हता. आधीच एक डोळा गेलेला, त्यात चांगल्याला सुरी लावायची! १९८९ मध्ये केन्यन आणि त्सेंग यांनी जी पद्धत मांडली तिच्यात चांगल्या डोळ्याच्या कडेचे मोठे तुकडे काढून इकडे लावत. त्यात भीती खरी होती, कारण बांधाचा मोठा भाग काढला तर तोही डोळा अडचणीत येऊ शकतो. इथे घड्याळाच्या तबकडीवर एका तासाची जागा असते, जेमतेम तेवढीच कड जाते. जखम थोड्या दिवसांत भरते. भाच्याच्या त्या डोळ्यात आज खूणही शोधावी लागते.

मध्य सोडतात कारण नजर तिथूनच जाते. तुकडा जिथे बसतो तिथे थोडी जाडी, थोडा धूसरपणा राहू शकतो. पेशी मात्र सरकत सरकत मधलं झाकतात.

तुमचं एक डोळा बेणं मी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे डॉक्टरांनी असं सांगितलं असतं तर मी लवकर सही केली असती.

---

नेत्रसेवक

मी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षं काढली. ताईंनी शस्त्रक्रियेबद्दल छान लिहिलंय. मी पहिल्या अर्ध्या तासाबद्दल लिहितो, कारण मी पाहिलेल्या मुलांचे डोळे तिथेच गेले किंवा वाचले.

आम्ल आणि अल्कली यांत फरक आहे. आम्ल डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं गोठतात आणि त्याचीच एक भिंत होते, त्यामुळे बहुतेक वेळा ते खोल जायला अडखळतं. चुना अल्कली आहे, सामू (पीएच) बारा-साडेबाराच्या आसपास. तो पेशींच्या भिंतीतल्या चरबीचा साबण करतो आणि आत आत जात राहतो. शिवाय तो घट्ट असतो, पापणीखाली चिकटून बसतो. कण आहे तोवर जाळणं चालू राहतं. पदराने पुसलं की तो आणखी पसरतो. तुपाने धुतला जात नाही. लिंबू पिळून चुना मारायचा प्रयत्न केलेलं मूलही मी पाहिलंय, कृपा करून ते करू नका.

पाणी. हाताशी जे स्वच्छ पाणी असेल ते, लगेच, नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून. मूल रडेल, लाथा मारेल, दोघांनी धरा. किमान अर्धा तास धुवा, घड्याळ लावून. दवाखाना शोधायच्या आधी धुवा आणि मग निघा. दवाखान्यात गेल्यावर आम्ही सलाइनची बाटली लावून नळीने धार सोडतो, सामूचा कागद लावून पाहतो, पुन्हा धुतो. वरची पापणी दोनदा उलटून घडीतले कण कापसाच्या बोळ्याने काढायला सांगा. तुम्ही सांगा! "पापणी उलटून बघितली का?" एवढा एक प्रश्न पालकांनी विचारला तर खूप डोळे वाचतील.

चुन्याच्या पुड्यांचा धोका दिल्लीच्या डॉक्टरांनी २००३ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून सांगितला होता. पातळ प्लास्टिकची पुडी, दाबली की फुटते, आणि मुलांच्या हाताला येईल अशा जागी पडलेली. टपरीवर आजही तशीच मिळते याचा मला फार त्रास होतो. झाकणाची डबी करायला कितीसा खर्च येतो?

---

पेशीजाल

वाचनखूण साठवली. मी जैवपदार्थांवर काम करते. ताईंच्या धाग्यात वारेचा पडदा एका वाक्यात आलाय, मला तिथे थांबावंसं वाटतं.

लोक मूळ पेशी म्हटलं की पेशींकडेच पाहतात. पण पेशी हवेत राहत नाहीत. तिला बसायला जमीन लागते, आणि आपण कुठे आहोत, वाढायचं की थांबायचं, हे ती त्या जमिनीकडूनच ओळखते. कॉर्नियाच्या कातडीखाली कोलाजेन आणि लॅमिनिन या प्रथिनांचा एक पातळ थर असतो. वारेच्या आतल्या पडद्यात जवळजवळ तसाच थर निसर्गाने तयार ठेवलेला आहे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, तो दाह कमी करतो आणि काम झालं की हळूहळू विरून जातो. सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने घेतात, एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस यांच्या तपासण्या करतात आणि गोठवून ठेवतात. १९४० मध्ये डी रॉथ यांनी तो डोळ्यासाठी वापरला होता, मग लोक विसरले, आणि १९९५ मध्ये किम आणि त्सेंग यांच्या कामानंतर तो पुन्हा वापरात आला. एरवी पुरून टाकली जाते ती वार, आणि तिच्यावर कुणाची तरी नजर परत उगवते. मी हे काम इतकी वर्षं करतेय तरी मला याचं अप्रूप वाटतं.

गोंदाचंही तसंच. तो फायब्रिनचा असतो. दोन नळ्या असतात, एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. दोन्ही एकत्र आले की जखमेवर रक्त जसं साकळतं तसं जाळं तयार होतं. टाका नाही, त्यामुळे टाक्याचा दाहही नाही.

जपानमध्ये वेगळीच जमीन बनवली गेली. तेरुओ ओकानो यांच्या गटाने ताटलीच्या तळाला असा पॉलिमर लावला की ३७ अंशांना पेशी त्याला धरून वाढतात आणि ताटली थंड केली, साधारण ३२ अंशांच्या खाली नेली, की पॉलिमर पाणी शोषून फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा आपोआप सुटतो. घावन तव्यावरून सुटावं तसा! पूर्वी पेशी सोडवायला विकर (एन्झाइम) वापरत, त्यात पेशींमधले सांधेच तुटत. हा पापुद्रा टाक्याशिवाय डोळ्यावर ठेवला की चिकटतो.

आणि कॉर्नियाचा खालचा जाड थरच खराब असेल तर? स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या गटाने डुकराच्या कातडीतलं कोलाजेन शुद्ध करून, त्याचे धागे एकमेकांत बांधून पारदर्शक चकती बनवली. तिच्यात एकही पेशी नसते. भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांच्या डोळ्यांत ती बसवली, भारतातलं काम दिल्लीच्या एम्समध्ये झालं. २०२२ मध्ये निकाल छापले. त्या २० जणांतले १४ जण आधी अंध होते, दोन वर्षांनी त्यांच्यातलं कुणीही अंध राहिलं नव्हतं. हे रुग्ण केराटोकोनसचे होते, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेले, चुन्याने जळालेले नव्हते. त्यांचा बांध शाबूत होता. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर बातमी वाचून चुकीची आशा लागते.

---

चारुलता_एम

धागा वाचून धीर गोळा करून लिहितेय. माझ्या बाबांचे दोन्ही डोळे कारखान्यातल्या रसायनाने जळाले, आठ वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत चांगली कड उरलेली नाही असं सांगितलं गेलंय. मग बेणं आणायचं कुठून? एका जाहिरातीत "स्टेम सेलचं इंजेक्शन, एका दिवसात घरी" असं होतं, फोन केला तर साडेतीन लाख सांगितले आणि आधी निम्मे भरा म्हणाले.

---

नेत्रसेवक

चारुलताताई, आधी ते निम्मे भरू नका.

मूळ पेशींच्या उपचारांबद्दल आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या आजारांसाठी मान्य असलेलं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण वगळता इतर वापर हा नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हावा अशी त्यांची भूमिका आहे. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत, शरीराबाहेर मोठी प्रक्रिया केलेल्या पेशी नवं औषध धरल्या जातात, म्हणजे औषध नियंत्रकांची मान्यता लागते. ताईंच्या भाच्याचं वेगळं होतं. त्याच्याच डोळ्याचा तुकडा, न वाढवता, त्याच बैठकीत, त्याच कामासाठी. जाहिरातीतल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. पेशी कुठून घेता, त्यांच्यावर काय प्रक्रिया करता, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. बोलणं तिथेच संपेल.

---

पेशीजाल

@चारुलता_एम, दोन्ही डोळे गेले असतील तर वाटा आहेत, पण प्रत्येकीला काटे आहेत, ते लपवत नाही.

एक, भावंड किंवा जवळच्या नातलगाच्या डोळ्यातून कण घेणं, किंवा नेत्रदानात आलेल्या डोळ्याची कड वापरणं. शरीर त्या पेशींना परकं समजतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात. वय, मूत्रपिंड, मधुमेह सगळं पाहावं लागतं.

दुसरी वाट तोंडातून जाते. गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी घेऊन त्यांचा पापुद्रा वाढवतात. पेशी स्वतःच्याच, म्हणून ती औषधं लागत नाहीत. कोजी निशिदा यांनी २००४ मध्ये चार रुग्णांवर हे दाखवलं. मात्र तोंडाची कातडी ती तोंडाचीच, त्यामुळे कडेने काही प्रमाणात शिरा येतात, कॉर्नियाइतकी ती स्वच्छ राहत नाही.

तिसरी अजून अभ्यासात आहे. निशिदांच्याच ओसाकातल्या गटाने आयपीएस पेशींपासून कॉर्नियाची कातडी बनवली. आयपीएस म्हणजे साध्या पेशीला मागे नेऊन मूळ पेशीसारखं केलेलं. पहिला रुग्ण २०१९ मध्ये. चार रुग्णांचे निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. दोन वर्षांत गंभीर अपाय झाला नाही आणि तिघांची नजर सुधारली ती टिकली. चारच माणसं आहेत, पण मी त्या बातमीच्या दिवशी आनंदाने रडले होते.

आधी मात्र एक तपासून घ्या. "दोन्ही कडा गेल्या" हे कधी सांगितलं होतं? कधी कधी एखाद्या डोळ्यात कडेचा छोटा भाग जिवंत राहिलेला असतो. कॉर्निया तज्ज्ञाकडून पुन्हा नीट बघून घ्या.

---

सह्यकडा

एक कडू बोलतो. धागा चांगला आहे, पण सगळं इतकं सरळ नाही. यशाचे आकडे आले, अपयशाचे नाही. आणि मुलाला आता किती दिसतं हे ताईंनी लिहिलेलंच नाही.

---

बालाघाटची

@सह्यकडा, बरोबर आहे तुमचं. लिहायला जड जात होतं म्हणून राहिलं.

हैदराबादच्याच १२५ रुग्णांचा अहवाल २०१६ मध्ये आला. ६५ मोठी माणसं आणि ६० मुलं, यश ७६ टक्के. म्हणजे चौघांत एकाच्या डोळ्यात हरळी परत आली. पापणी बुबुळाला चिकटलेली असली, किंवा त्याच वेळी बुबुळही बदललं, तर अपयश जास्त. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र करायला नकार दिला होता. मी तेव्हा त्यांच्याशी भांडले, दोनदा भूल कशाला म्हणून. आज त्यांचे आभार मानते.

आणि यश म्हणजे कॉर्नियाची कातडी स्वच्छ टिकणं. नजर ही वेगळी गोष्ट. भाच्याचा बांध टिकला आहे. पण चुना खोल गेला होता, खालच्या थरात डाग आहे. शिवाय वर्षभर त्या डोळ्याने मेंदूकडे धड चित्रच गेलं नाही, त्यामुळे तो डोळा आळशी झालाय. रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला अभ्यासाला बसवतो. तो चिडतो, पट्टी ओढतो, आम्हीही कधी कधी थकून सोडून देतो. आधी त्या डोळ्याने फक्त उजेड कळायचा. आता तीन मीटरवरून हाताची बोटं मोजतो. बुबुळ बदलायचं की नाही ते पुढच्या वर्षी ठरेल.

---

चुनेवाला_रंगारी

मी रंगकाम करतो. कळीचा चुना पिंपात विरघळवताना उकळ्या फुटतात, शिंतोडे उडतात, आम्ही डोळे बारीक करून काम करायचो. नेत्रसेवक काकांचं लिखाण माझ्या चारही पोरांना वाचून दाखवलं. आजपासून साइटवर चष्मा आणि वीस लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन वेगळा. त्या पाण्यात ब्रश धुवायचा नाही असं सांगितलंय.

---

नेत्रसेवक

@चुनेवाला_रंगारी, शाबास. कॅनला तोटी असेल तर फार बरं, एकट्या माणसालाही डोळा धुता येतो.

---

चारुलता_एम

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या जाहिरातवाल्याला तीन प्रश्न विचारले, त्याने फोन ठेवला. बाबांची कॉर्निया विभागातली वेळ घेतलीय, पुढच्या गुरुवारची. बरोबर काय काय न्यावं?

---

बालाघाटची

ताई, आठ वर्षांतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, पहिल्या दिवसाचा केसपेपर असेल तर तो सगळ्यात वर. कारखान्यातलं रसायन नेमकं कोणतं होतं त्याचं नाव लिहून घ्या, आम्हाला ते तीनदा विचारलं होतं. चालू थेंबांच्या बाटल्याच पिशवीत टाका, नावं सांगताना गोंधळ होतो. जुने फोटो असतील तर डोळा तेव्हा कसा होता ते डॉक्टरांना दिसतं. तपासणीत अर्धा दिवस जातो, बाबांना सकाळी खाऊन न्या. आणि तुमच्या भावंडांपैकी कुणाला जमत असेल तर त्यांनाही बरोबर घ्या, कण द्यायचा विषय निघाला तर दुसरी खेप वाचेल.